नुसतं 'पोर फाबोर' लावून भागत नाही

वह्या मिटा. मोबाइल पिशवीत टाका. आज पुढचा धडा होणार नाही. आज तुमचे पेपर आहेत आणि मी आहे.

प्रश्न काय एवढा अवघड होता? स्पॅनिशमध्ये कुणाला काही करायला सांगायचं, कुणाकडे काही मागायचं. बारमध्ये कॉफी, शेजाऱ्याकडून शिडी, गिऱ्हाइकाकडून सही, धाकट्या भावाला दटावणी. सकाळी उठल्यापासून माणूस दुसरं करतो तरी काय? आणि तुम्ही क्रियापद मनाला येईल तसं लिहिलंत आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'पोर फाबोर', म्हणजे 'कृपया', बांधून मोकळे झालात. मीठ दे, पोर फाबोर. सही करा, पोर फाबोर. एका महाभागाने तर भांडणाच्या प्रसंगात 'चालता हो, पोर फाबोर' लिहिलंय. हसू नका, ज्याने लिहिलंय तोही हसतोय. पोर फाबोर म्हणजे अंगारा नव्हे, कपाळाला लावला की वाक्याची सगळी बाधा उतरायला.

चुका होणारच, त्यासाठी माझ्याकडे लाल पेन आहे. माझा संताप वेगळ्याच गोष्टीवर आहे. तुम्ही जवळजवळ सगळे मराठी घरांतले. आईला 'वाढ गं' म्हणता, आजोबांना 'बसा' म्हणता, शेजारच्या काकूंना 'जरा वाटीभर साखर देता का?' विचारता, लग्नपत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' छापता. कुणापुढे कोणतं रूप वापरायचं हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही, तरी तिथे तुमचं कधी चुकत नाही. आणि या वर्गाचा उंबरा ओलांडला, की ते सगळं ज्ञान बाहेर ठेवून इंग्रजीतून विचार सुरू. स्पॅनिश आणि मराठी यांच्यामध्ये इंग्रजीला दलाल म्हणून बसवायचं आणि मग दलालीत अर्धा माल गेला म्हणून रडायचं!

पहिली चूक बघा, ती जवळपास प्रत्येक पेपरात आहे. 'बोल' म्हणजे 'आब्ला', बरोबर. 'बोलू नकोस' म्हणजे? 'नो आब्ला', असं लिहिलंत. अहो, 'नो आब्ला' म्हणजे 'तो बोलत नाही'. समोरच्याला गप्प करायला निघालात आणि भलत्याच कुणाची माहिती देऊन आलात. 'नो आब्लेस' हवं. 'खा' म्हणजे 'कोमे', पण 'खाऊ नकोस' म्हणजे 'नो कोमास'. 'लिही' म्हणजे 'एस्क्रीबे', 'लिहू नकोस' म्हणजे 'नो एस्क्रीबास'. सांगायचं रूप निराळं, अडवायचं निराळं.

यावर गेल्या तासाला तुमची कुरकुर झाली होती: मॅडम, एवढं कशाला? पुढे 'नो' लावला की झालं! मराठीत होतं का तेवढ्यावर? 'नाही बोल' असं म्हणतं का कुणी? नुकतं बोलायला लागलेलं पोरसुद्धा 'बोलू नको' म्हणतं. निषेधासाठी आपल्याकडे नको, नकोस, नका अशी वेगळी फौज आहे आणि ती आली की मूळ क्रियापदही आपला वेष बदलतं. जन्मभर हे करत आलात. इंग्रजीत 'डोन्ट' पुढे टाकलं की मागचं क्रियापद जागचं हलत नाही. तुमचा आळस तिथला आहे. आणि गोव्याहून आलेल्यांनी तर तोंड लपवावं. ज्यांच्या घरात आजीची पोर्तुगीज अजून ऐकू येते, त्यांनी 'फाला' आणि 'नाऊं फालेश' यांतला फरक ऐकलेला असणार. स्पॅनिशमध्ये तोच आहे.

रूपं बनवायची कशी ते फळ्यावर तीनदा लिहिलंय. 'आर'ने संपणाऱ्या धातूला 'ए' लागतो, 'एर' आणि 'ईर'ने संपणाऱ्यांना 'आ'. पाया घ्यायचा तो 'मी'च्या वर्तमानकाळाचा. 'तेंगो'वरून 'नो तेंगास', 'दीगो'वरून 'नो दीगास'. तू-रूपाच्या होकारात आठ जण वाकडे चालतात: दी, आस, बे, पोन, साल, से, तेन, बेन. म्हणजे सांग, कर, जा, ठेव, बाहेर जा, हो, घे, ये. 'आस'ला माद्रिदमध्ये 'आथ' म्हणतात, एवढंच. आठ एकाक्षरी शब्द पाठ होत नाहीत? तिसरीत एकोणतीसचा पाढा पाठ केलात ना?

आता 'उस्तेद'. म्हणजे आपलं तुम्ही, आपण. त्याला आज्ञा करायची तर होकारातही तेच निषेधातलं रूप येतं: 'आब्ले', 'कोमा', 'दीगा'. तुम्ही विचारलंत, असं का? मराठी व्याकरण शाळेत झालंय ना? आज्ञार्थ आणि विध्यर्थ आठवतात? 'बस' हा आज्ञार्थ. 'बसावं' हा विध्यर्थ, त्यात हुकूम विरघळून इच्छा उरते. स्पॅनिशमध्ये मान्यवराला हुकूम करणारं स्वतःचं रूपच नाही, त्याच्यासाठी ते इच्छेचं रूप आणतात. त्यांच्या व्याकरणात त्याला 'सुबखुन्तिबो' म्हणतात. नाव ऐकूनच तुम्हाला घाम फुटतो. अरे, 'आपण यावं' म्हणताना फुटतो का?

हे 'यावं' नीट धरून ठेवलं असतंत तर पुढचा अख्खा प्रश्न सुटला असता. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' याला 'किएरो के बेंगास'. इच्छा माझी, येणं तुझं, मध्ये 'के' आणि पुढे ते यावंस-रूप. तुम्ही लिहिलंत 'किएरो तू बेनीर'. हे कुठून आलं हे मला विचारू नका, तुम्हाला चांगलं माहीत आहे. इंग्रजी वाक्य आडवं पाडून त्याच्यावर स्पॅनिश शब्द पसरलेत.

'पेदीर' आणि 'प्रेगुन्तार' यांचा घोळ तर मला सहनच होत नाही. एक म्हणजे मागणं, दुसरं म्हणजे विचारणं. इंग्रजीला दोन्हींना एकच शब्द पुरतो. आपल्याला कधी पुरला? दुकानात पाव मागतो आपण, रस्ता विचारतो. तरी निम्म्या पेपरांत माणूस वेटरला कॉफी 'विचारतोय'. आणि विनंती करायची ती 'पेदीर'नेच, मागे 'के', पुढे पुन्हा यावं-रूप: 'ले पीदो के बेंगा', आपण यावं अशी विनंती.

विनंतीकडे येऊ. तुम्हाला वाटतं आज्ञा उद्धट आणि विनंती सभ्य. इतकं सोपं असतं तर मला पगार कशाला मिळाला असता? माद्रिदच्या बारमध्ये माणूस काउंटरला टेकून सरळ 'मे पोनेस उन काफे?' म्हणतो. शब्दशः 'मला एक कॉफी घालतोस?' वर्तमानकाळ, प्रश्न, संपलं. फार तर 'क्वान्दो प्वेदास' जोडेल, म्हणजे तुला सवड होईल तेव्हा. 'पोनमे उन काफे', कॉफी दे, असंही म्हणेल आणि कुणाच्या कपाळाला आठी पडणार नाही, फक्त आवाज आणि चेहरा ठीक हवा. मराठी माणूस 'मीठ देतोस का जरा?' म्हणतो तेव्हा नेमकं हेच करतो. तुम्ही मात्र तिथे 'तुम्ही मला कॉफी देऊ शकता काय' असं लांबलचक रचून ठेवलंत. ते स्पॅनिशमध्ये चालत नाही असं नव्हे, पण बारच्या काउंटरवर ते कोर्टात अर्ज दिल्यासारखं वाजतं. आणि 'पोर फाबोर' वाक्याच्या आधी ठासून म्हटलंत तर त्याचा अर्थ विनंती राहत नाही, 'अहो, पुरे करा आता' होतो. वैताग दाखवायलाही तेच दोन शब्द कामी येतात.

प्रश्नार्थक म्हणजे नम्र, हाही तुमचा एक भ्रम. 10 नोव्हेंबर 2007. चिलेच्या सांतियागोमध्ये इबेरो-अमेरिकन देशांची शिखर परिषद चालू होती. व्हेनेझुएलाचे ऊगो चावेस स्पेनचे माजी पंतप्रधान आस्नार यांना फॅसिस्ट म्हणाले होते. तेव्हाचे पंतप्रधान सापातेरो, विरोधी पक्षाचे असूनही, आस्नार यांची बाजू मांडायला उठले, आणि चावेस मध्ये मध्ये बोलत राहिले. तेव्हा शेजारून राजे हुआन कार्लोस उसळून म्हणाले, 'पोर के नो ते कायास?' तू गप्प का बसत नाहीस? पूर्ण प्रश्न आहे. आज्ञार्थाचा मागमूस नाही. पण त्यातला 'ते' म्हणजे तू आहे, उस्तेद नाही, आणि तो एका राष्ट्राध्यक्षाला जगाच्या देखत लावलाय. त्या वाक्याची पुढे रिंगटोन झाली. नुसता 'गप्प बस' असा हुकूम केला असता तर कदाचित एवढा झोंबला नसता. 'तू का गप्प बसत नाहीस' हे आपल्याकडेही थोरल्या भावाने धाकट्याला म्हणायचं वाक्य आहे.

नम्रता कुठे राहते ते आता कान उघडे ठेवून ऐका. दुकानात तुम्ही सगळ्यांनी 'किएरो' लिहिलंय, मला हवंय. स्पेनमध्ये मोठा माणूस 'केरीया' म्हणतो, मला हवं होतं. 'केरीया प्रेगुन्तार्ले उना कोसा', तुम्हाला एक गोष्ट विचारायची होती. होती म्हणजे काल? नाही हो, अजून विचारायचीच आहे! आपण साहेबांच्या दारात उभं राहून 'सर, जरा एक काम होतं' म्हणतो ते काम काय संपलेलं असतं? भूतकाळात एक पाऊल मागे सरून बोलायचं, म्हणजे समोरच्याच्या अंगावर जाणं होत नाही. ही युक्ती तुम्ही रोज करता. पेपरात एकालाही सुचली नाही.

आणि स्पॅनिश म्हणजे एकटं स्पेन नव्हे, हे किती वेळा सांगू? कोलंबियाच्या बोगोतात माणूस दुकानदाराला 'रेगालेमे उन तिंतो' म्हणतो. 'मला एक तिंतो भेट द्या.' फुकट मागत नाही, पैसे मोजतो. तिथे मागायची ती रीत आहे. तिंतो म्हणजे तिथे कोरी कॉफी. स्पेनमध्ये मागाल तर तांबडी वाइन येईल, मग मला फोन करू नका. त्याच बोगोतात मित्र मित्राला, भाऊ भावाला उस्तेद म्हणतो आणि त्यात दुरावा नसतो. माद्रिदच्या दुकानात मात्र अनोळखी पोरगीही तुम्हाला तू म्हणेल आणि त्यात अपमान नसतो. आईला तू आणि बाबांना तुम्ही म्हणणाऱ्या घरांतून आलेल्यांना हे समजायला वेळ लागू नये. मेक्सिकोत हाक मारली की पोर 'मांदे?' म्हणतं, म्हणजे 'हुकूम करा'. रूप आज्ञेचं, काम आपल्या 'जी'चं किंवा 'काय म्हणालात?'चं. आणि मागणी करताना तिथे सगळं लहान करून मागतात, कॉफीचं 'काफेसीतो' होतं, पाण्याच्या ग्लासाचं 'बासीतो'. वर प्रश्न नकारात: 'नो मे दा उन बासीतो दे आग्वा?' घोटभर पाणी नाही का देणार? हे 'घोटभर', 'जरासं', 'तेवढं' तुमच्या जिभेवर आहे की नाही?

एक्वादोरच्या डोंगराळ भागातलं एक रूप सांगते, ते तुमच्यासाठीच बनवल्यासारखं आहे. तिथे आई मुलाला म्हणते, 'दामे कोम्प्रान्दो एल पान'. शब्दाला शब्द लावा: 'दामे' म्हणजे मला दे, 'कोम्प्रान्दो' म्हणजे विकत घेत, विकत घेऊन. पाव विकत घेऊन दे. 'दामे त्रायेन्दो', आणून दे. स्पेनमधला माणूस हे ऐकून गोंधळतो, कारण त्याच्या स्पॅनिशमध्ये असं 'दे' दुसऱ्या क्रियापदाला जोडत नाहीत. हे तिथल्या किच्वा भाषेच्या संगतीने आलेलं आहे आणि त्याने हुकमाची धार बोथट होते. 'आण' आणि 'आणून दे' यांत फरक काय, हे पुण्यातल्या कुठल्याही आईला विचारा. असली रचना समोर आली की तुम्ही उडी मारायला हवी. तुम्ही तिला 'चुकीची स्पॅनिश' म्हणून काट मारलीत. काट मारायचा अधिकार इथे फक्त मला आहे.

अर्जेंतिनाचंही तेच. तिथे 'तू' नाही, 'बोस' आहे, आणि आज्ञा शेवटच्या अक्षरावर आदळते: 'बेनी', 'देसी', 'आब्ला' आणि 'जा'ला 'आन्दा'. ते वाकडे आठ जण तिथे जवळजवळ सगळे सरळ होतात. एकाने शेरा लिहिलाय, 'अर्जेंतिनाचे लोक अशुद्ध बोलतात.' नागपूरचा माणूस 'उद्या येजो' म्हणाला की तो अशुद्ध बोलतो का रे? पुण्याबाहेर जाऊन ये एकदा.

एवढा वेळ मराठीची बाजू घेतली, आता जिथे मराठी कामाला येत नाही ते ऐका. सर्वनामाची जागा. सांगायचं असेल तर सर्वनाम क्रियापदाला मागून चिकटतं: 'दीमेलो', ते मला सांग. अडवायचं असेल तर सुटं होऊन पुढे येतं: 'नो मे लो दीगास'. 'बसा' म्हणजे 'सिएन्तेसे', अनेकांना 'सिएन्तेन्से'. चिकटल्यावर आघात जुन्याच जागी राहतो, म्हणून अक्षराच्या डोक्यावर रेघ द्यावी लागते. ती रेघ तुम्ही नक्षी समजून सोडून दिलीत. इथे मराठी मदतीला येणार नाही, घोकावंच लागेल.

यात प्रसिद्ध चूक कुणाची आहे माहीत आहे? 23 फेब्रुवारी 1981, माद्रिद. संसदेत नव्या पंतप्रधानांसाठी मतदान चालू असताना लेफ्टनंट कर्नल आन्तोनिओ तेखेरो सिव्हिल गार्डचे सशस्त्र शिपाई घेऊन आत शिरला. सत्ता उलथायला आलेले लोक. छताच्या दिशेने गोळ्या झाडल्या, खासदार बाकांखाली गेले, आणि त्या गोंधळात 'से सिएन्तेन' अशी आरोळी घुमली, पुढे एका शिवीसकट. सर्वनाम आधी, क्रियापद नंतर. हवं होतं 'सिएन्तेन्से'. अख्ख्या स्पेनने ते पुढे ऐकलं, आजही नक्कल करतात. बंदूक रोखलेली असली की सर्वनामाची जागा चुकली तरी कुणी उठून दुरुस्त करत नाही. तुमच्याकडे बंदूक नाही, तेव्हा जागा चुकवू नका. बंडही दुसऱ्या दिवशी फसलं, ते सोडा.

'बोसोत्रोस', म्हणजे अनेकांना म्हणायचं घरगुती 'तुम्ही', त्याबद्दल एकच गोष्ट, कारण ते स्पेनबाहेर फारसं कुणी बोलत नाही. त्याच्या आज्ञेत शेवटी 'द' असतो, 'आब्लाद', पण 'ओस' हे सर्वनाम चिकटलं की तो गळतो, 'सेन्ताओस', म्हणजे बसा. फक्त 'जाणे' या क्रियापदाला तो टिकतो, 'ईदोस'. रस्त्यावर मात्र सगळे 'ईरोस' म्हणत. 1713 साली स्थापन झालेल्या स्पॅनिश भाषा अकादमीने 2017 मध्ये अखेर त्याला मान तुकवली. मी हे वर्गात सांगितलं आणि तुम्ही लगेच पेपरात 'सेन्तारोस' ठोकलंत. सूट एका क्रियापदाला मिळालीय, तुम्हाला नाही.

हिंजवडीतून संध्याकाळी धापा टाकत येणाऱ्यांनो, आता तुमच्याकडे वळते. तुमचं पोट या भाषेवर आहे किंवा उद्या असणार आहे. मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाला लिहायच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, 'एन्बीयामे एल आर्चीबो, पोर फाबोर'. मला फाइल पाठव, प्लीज. ज्याचं तोंड पाहिलेलं नाही, ज्याच्या पैशावर तुमची टीम चालते, त्याला 'पाठव'! मराठीतून असं पत्र तुम्ही बँकेच्या मॅनेजरला लिहाल का? तिथे हात आपोआप 'आपण फाइल पाठवलीत तर आभारी होईन' असं लिहितो. तेच लिहा: 'ले आग्रादेसेरीया के मे एन्बियारा एल आर्चीबो'. 'आभारी होईन' आहे, 'पाठवलीत तर' आहे. आणि त्यात 'पोर फाबोर' कुठेही नाही, शोधून बघा.

एक बारीकशी गोष्ट राहिली, पेपरातल्या शेवटच्या प्रसंगाची. पाहुणा दारात विचारतो, 'प्वेदो पासार?' आत येऊ का? तुम्ही उत्तर दिलंत, 'सी, प्वेदेस.' हो, येऊ शकतोस. पाहुणा आल्या पावली परत जाईल. तिथे आज्ञा हवी, आणि ती दोनदा: 'पासा, पासा'. या, या. बसा, बसा. घ्या, घ्या. परवानगी द्यायला, आग्रह करायला आज्ञार्थच लागतो, तिथेही आणि आपल्याकडेही. ताटावर बसलेल्याला 'तुम्ही आणखी एक पोळी घेऊ शकता' असं म्हणणारी यजमानीण मला अजून भेटायची आहे.

आता आपापले पेपर घेऊन जा. सगळे प्रसंग पुन्हा लिहायचे. प्रत्येक प्रसंग आधी मराठीत लिहा, समोर कोण आहे, तुमच्याहून मोठा की लहान, बोगोताचा की ब्यूनोस आयर्सचा, हे ठरवून. मग स्पॅनिशमध्ये. समासात इंग्रजीचा एक शब्द जरी खरडलेला दिसला तर पेपर न वाचता परत. भाऊ-भावाच्या प्रसंगात खरी दमदाटी पाहिजे, तिथे सौजन्य दाखवलंत तर गुण कापीन. गुरुवारच्या तासाला टेबलावर हवेत. सोमवारपर्यंत चालेल का, हे ज्याला विचारायचं असेल त्याने स्पॅनिशमध्ये विचारावं, आणि मला उस्तेद म्हणावं.